मत सरकारी सेवेच्या बाजूचे, आईची शस्त्रक्रिया मात्र खाजगीत?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या भगिनी पन्नाशीच्या आहेत. काही वर्षांपूर्वी पतीच्या दीर्घ आजारपणात घरची बहुतेक शिल्लक संपली आणि वर कर्जही झाले. तेव्हापासून त्यांचे ठाम मत झाले आहे की सर्व रुग्णालये सरकारनेच चालवावीत आणि उपचार मोफत मिळावेत. तसे झाले तर लोक वेळेवर तपासणीला येतील आणि एकूण खर्चही कमी होईल. लवकरच होणाऱ्या एका जाहीर चर्चेत ही बाजू मांडण्याचे त्यांनी कबूल केले आहे. त्यांचे थोरले बंधू डॉक्टर असून त्यांचे स्वतःचे छोटे रुग्णालय आहे. सरकारच्या हाती सगळे गेले की दर्जा राहत नाही, फुकट मिळाले की लोक त्याचा गैरवापर करतात, आणि सरकारी योजनांचे पैसे वेळेवर मिळत नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे. दोघांचे बोलणे जवळजवळ बंद झाले आहे. अशातच ७४ वर्षांच्या आईच्या गुडघ्याचा सांधा बदलण्याचा सल्ला मिळाला. सरकारी रुग्णालयात कित्येक महिने थांबावे लागेल. खाजगीत शस्त्रक्रिया लगेच होऊ शकते, परंतु खर्च मोठा आहे आणि विम्याची रक्कम अपुरी आहे. बंधू खर्चातला वाटा उचलायला तयार आहेत, मात्र "आता तुझे तत्त्व कुठे गेले?" असे त्यांनी विचारले. भगिनींचे प्रश्न असे: आईला खाजगीत नेले तर ते ढोंग ठरेल का? चर्चेतून माघार घ्यावी का? आणि दादाशी पुन्हा नीट बोलता येईल का?

उत्तर:

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचे तुम्हाला निवांतपणे वाचता येईल. आईला खाजगी रुग्णालयात नेले तर ते ढोंग ठरत नाही. तुम्ही मागणी करता आहात ती एका व्यवस्थेची, आणि व्यवस्था ही कर, कायदा, मनुष्यबळ आणि अनेक वर्षांची मेहनत यांतून उभी राहते. एका म्हाताऱ्या बाईने दुखरा गुडघा घेऊन रांगेत उभे राहण्याने ती उभी राहत नाही. तुमच्या आईने थांबण्याचे ठरवले तर ती रांग कमी होणार नाही, उलट एकाने वाढेल. आज अस्तित्वात असलेल्या परिस्थितीत घरच्या माणसासाठी बरे काय ते शोधणे आणि उद्याची परिस्थिती बदलावी म्हणून बोलणे या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीने कराव्यात यात मला विसंगती दिसत नाही.

मात्र या उत्तराला एक दुसरी बाजू आहे आणि ती तुमच्यापासून लपवणे बरे नव्हे. ज्यांना परवडते आणि ज्यांच्या बोलण्याला वजन असते अशी माणसे सार्वजनिक सेवा सोडून गेली की त्या सेवेची विचारपूस करणारे कोणी उरत नाही. औषध नाही, यंत्र बंद आहे, डॉक्टर जागेवर नाही, याची तक्रार करण्याची ताकद नसलेलेच तिथे राहतात. तुमच्यावर येऊ शकणारा खरा आक्षेप हाच आहे. परंतु तो त्यांना लागू होतो जे सेवा सोडतात आणि तिच्याविषयी बोलणेही सोडतात. तुम्ही तर त्याविषयी बोलायला उभ्या राहणार आहात. तेव्हा आईच्या शस्त्रक्रियेविषयी चर्चेत आपण होऊन सांगा. "सरकारी रांग इतक्या महिन्यांची होती, म्हणून आम्ही खाजगीत गेलो आणि त्याचा आम्हाला असा फटका बसला" हे वाक्य तुमच्या बाजूला कमकुवत करत नाही.

तुमचे पत्र मोठे आहे आणि त्यात तुमचे मत, दादांचे मत, पतीच्या आजारपणाचा हिशेब, चर्चेची तयारी असे सगळे आहे. आईला काय हवे आहे, हे मात्र त्यात कुठेही नाही. गुडघा त्यांचा आहे. शस्त्रक्रिया करून घ्यायची की नाही, केव्हा, कोणाकडून, त्यानंतरचे काही आठवडे त्या कोणाच्या घरी राहतील, या गोष्टी त्यांना विचारल्या गेल्या आहेत का? बहीणभावांच्या वादात आईचा गुडघा हा पुरावा होऊन बसला आहे, असे मला पत्र वाचताना वाटत राहिले.

आता तुमच्या मताकडे वळू. त्यामागची भावना मी मान्यच करते, पण त्यात तीन वेगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधले गेले आहेत: उपचारांचे पैसे कोणी भरायचे, रुग्णालये कोणी चालवायची, आणि दर कोणी ठरवायचे. जगातील देशांनी या तिन्हींची उत्तरे वेगवेगळी दिली आहेत. ब्रिटनमध्ये सामाजिक सुरक्षेविषयीच्या १९४२ च्या बेव्हरिज अहवालानंतर ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, रुग्णालये सरकारच्या मालकीची झाली आणि खर्च करांतून होऊ लागला. तरीही फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने बहुतांशी सेवेशी करार केलेले स्वतंत्र व्यवसायच राहिले, आणि तज्ज्ञ डॉक्टरांना खाजगी रुग्ण पाहण्याची मुभा देऊनच आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांना त्यांचा विरोध शमवता आला. कॅनडात बिल सरकार भरते, पण बहुतेक डॉक्टर सरकारी नोकर नाहीत. जर्मनीत १८८३ पासून आजारविमा आहे, त्याचा निधी कामगार आणि मालक मिळून भरतात आणि तो सांभाळणारे विमानिधी सरकारी खाती नाहीत. जपानने १९६१ मध्ये सर्व नागरिकांना विम्याखाली आणले; तिथली बहुसंख्य रुग्णालये खाजगी आहेत, परंतु प्रत्येक उपचाराचा दर देशभर एकच असतो आणि साधारणपणे दर दोन वर्षांनी तो नव्याने ठरवला जातो. तैवानने १९९५ मध्ये एकच सरकारी विमा आणला आणि बहुतेक रुग्णालये खाजगीच राहिली. थायलंडने २००२ मध्ये सुरू केलेली योजना मुख्यत्वे सरकारी रुग्णालयांवर उभी आहे आणि त्यांना नोंदलेल्या लोकसंख्येनुसार पैसे मिळतात. खाजगी व्यवस्थेचे उदाहरण म्हणून ज्या अमेरिकेकडे बोट दाखवले जाते, तिथे माजी सैनिकांची रुग्णालये थेट सरकार चालवते आणि १९६५ च्या कायद्यापासून वृद्धांच्या उपचारांचा मोठा भार सरकारी विम्यावर आहे.

तुमच्या पतीच्या आजारपणात तुम्हाला कोणत्या गोष्टीने खरोखर उद्ध्वस्त केले, हे आठवून पाहा. रुग्णालयाच्या मालकाने केले की बिल स्वतःच्या खिशातून भरावे लागण्याने आणि ते आधी कळायला कोणताही मार्ग नसण्याने? पत्रावरून मला दुसरे वाटते. तसे असेल तर तुमची मागणी "पैसे सर्वांनी मिळून आधीच भरावेत आणि दर उघड असावेत" अशी आहे, आणि सर्व रुग्णालये सरकारने चालवणे हा तिथे पोहोचण्याच्या अनेक वाटांपैकी एक आहे. त्या वाटेचाच आग्रह धरायला तुम्ही मोकळ्या आहात, पण मग ती इतर वाटांपेक्षा बरी का, हे सांगावे लागेल.

खर्च का वाढतो, याविषयी तुमच्या पत्रात एकच कारण आहे: नफेखोरी. ते खोटे नाही. हिपॅटायटिस सी बरा करणारे सोफोसबुव्हिर हे औषध २०१३ मध्ये अमेरिकेत आले तेव्हा बारा आठवड्यांच्या उपचाराची किंमत ८४,००० डॉलर होती, म्हणजे एका गोळीला एक हजार डॉलर; तेच औषध पुढे इतर काही देशांत वाटाघाटींमुळे आणि जेनेरिक उत्पादनामुळे त्याच्या अगदी लहानशा अंशात मिळू लागले. ही औषध बनवण्याच्या खर्चाची किंमत नव्हती, घासाघीस करण्याची ताकद कोणाकडे होती त्याची होती. अमेरिकेचा आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७-१८ टक्के आहे आणि तो इतर श्रीमंत देशांपेक्षा बराच जास्त आहे. तिथले लोक डॉक्टरकडे अधिक वेळा जातात किंवा रुग्णालयात अधिक दिवस राहतात म्हणून हे होत नाही, प्रत्येक गोष्टीचा दरच तिथे चढा आहे, असे या विषयाच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

परंतु नफा काढून टाकला तरी वाढत राहील असा खर्चही आहे. माणसे अधिक जगतात आणि मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार यांसह अनेक वर्षे जगतात. इतर उद्योगांत नवे यंत्र जुन्याची जागा घेते. वैद्यकात ते बहुधा जुन्याच्या शेजारी येऊन बसते, म्हणून एक्स-रे गेला नाही आणि सीटी स्कॅन व एमआरआय यांची भर पडली. शिवाय अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६० च्या दशकात दाखवलेली एक अडचण आहे: ज्या कामात माणसाचा वेळ हीच मुख्य गोष्ट असते, तिथे उत्पादकता फारशी वाढत नाही, पण पगार मात्र इतर क्षेत्रांच्या बरोबरीने वाढवावेच लागतात, नाही तर माणसे टिकत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर आजीबाईंना हाताला धरून चालवणाऱ्या परिचारिकेला ते काम आजही पूर्वीइतकाच वेळ घेते. हे सरकारी रुग्णालयालाही लागू आहे, आणि म्हणून "सरकारने घेतले की खर्च थांबेल" असे आश्वासन चर्चेत देऊ नका. सरकारला दर खाली ओढता येतात, वाढ मंदावता येते. ती थांबवता येत नाही.

मोफत मिळाले की लोक वेळेवर येतील आणि एकूण खर्च घटेल, हा तुमचा मुद्दाही थोडा तपासून घ्यावा लागेल. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात २००८ मध्ये गरिबांच्या सरकारी विम्यात मोजक्याच जागा असल्यामुळे सोडत काढली गेली, आणि त्यामुळे विमा मिळालेल्या व न मिळालेल्या सारख्याच लोकांची तुलना करता आली. विमा मिळालेल्यांनी डॉक्टरांकडे जाणे वाढवले, तातडीच्या विभागात जाणेसुद्धा वाढवले. खर्च घटला नाही. दोन वर्षांत रक्तदाब, कोलेस्टेरॉल किंवा रक्तशर्करा यांत ठळक फरक दिसला नाही. मात्र नैराश्य कमी झाले आणि उपचारांपायी कर्जात बुडणे तर खूपच कमी झाले. मला विचाराल तर तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे आणि तुम्ही तो सोडून दुबळा धरला आहे. सार्वजनिक निधीतून उपचार देण्याचे मुख्य फळ बचत हे नसून आजारपणात घर न बुडणे हे आहे. त्यासाठी समाजाने पैसे मोजावेत की नाही, हा प्रश्न सरळ विचारा.

मोफत सेवेतही मर्यादा असतातच, त्या फक्त किमतीऐवजी रांगेच्या रूपाने येतात. ब्रिटनच्या सेवेला तीन वर्षेही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, १९५१ मध्ये, कवळ्या आणि चष्मे यांसाठी शुल्क लावायचे ठरले आणि त्याच्या निषेधार्थ बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. इंग्लंडमध्ये १८ आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत असे मानक आहे. २०१६ नंतर ते पाळले गेलेले नाही, आणि २०२२ मध्ये प्रतीक्षायादी ७० लाखांच्या पुढे गेली. तुमच्या आईच्या गुडघ्यासारख्या, जीवावर न बेतणाऱ्या पण रोज छळणाऱ्या दुखण्यांची माणसे त्या यादीत मोठ्या संख्येने आहेत. तुमच्या विरोधात बोलणारे हे सांगणारच, तेव्हा ते तुम्हीच आधी सांगितलेले बरे.

दादांच्या म्हणण्याकडेही थोडे याच नजरेने पाहू. फुकट मिळाले की गैरवापर होतो, हे अर्धे खरे आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात रँड या संशोधन संस्थेने हजारो लोकांवर केलेल्या विमाप्रयोगात, खर्चाचा वाटा स्वतः उचलणाऱ्यांनी उपचार कमी घेतले हे दिसले. पण त्यांनी अनावश्यक उपचार जितके टाळले तितकेच आवश्यक उपचारही टाळले. सरासरी माणसाच्या प्रकृतीवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. जे गरीब होते आणि आधीच आजारी होते, त्यांना मात्र मोफत उपचारांचा फायदा झाला. त्यांचा रक्तदाब अधिक आटोक्यात राहिला. म्हणजे किंमत लावली की लोक जपून वापरतात, पण काय जपावे हे त्यांना कळतेच असे नाही. कळणार तरी कसे? मडके विकत घेताना ते वाजवून पाहता येते; छातीत कळ आली असता रुग्णालय वाजवून पाहता येत नाही. रुग्णाला माहिती नसते, वेळ नसतो आणि सल्ला देणारा व विकणारा एकच असतो, म्हणून हा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, हे अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच मांडले होते.

दर्जाविषयीच्या त्यांच्या भीतीला कॅनडाचा इतिहास काही अंशी उत्तर देतो. १९६२ च्या जुलैमध्ये सस्कॅचेवान प्रांताने सरकारी वैद्यकीय विमा सुरू केला तेव्हा आपण सरकारी नोकर होऊन जाऊ या भीतीने तिथल्या डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. तसे काही झाले नाही. दवाखाने त्यांचेच राहिले, बिल फक्त सरकारकडे जाऊ लागले, आणि काही वर्षांत सगळ्या देशाने तीच पद्धत स्वीकारली. पण दादांचा तिसरा मुद्दा, सरकारी योजनांचे पैसे उशिरा येतात हा, मला तुमच्या पत्रात फारच हलक्या हाताने झटकलेला दिसला. छोट्या रुग्णालयाला दर महिन्याला पगार द्यावे लागतात, औषधांचे पैसे चुकते करावे लागतात. सरकारने ठरवलेला दर खर्चापेक्षा कमी असेल किंवा पैसे वर्षभर अडकून पडत असतील, तर ते रुग्णालय एक तर योजनेतून बाहेर पडते, नाही तर रुग्णाकडून वरचे पैसे मागते, आणि मग तुमच्यासारख्याच कुटुंबाच्या खिशाला हात लागतो. सार्वजनिक निधीतून चालणारी चांगली योजना या एका कारणाने बुडू शकते. दादा हे विरोधासाठी सांगत असले तरी तुम्ही ते तुमच्या मागणीतली अट म्हणून घेऊ शकता.

आता आईच्या शस्त्रक्रियेकडे येऊ, आणि इथे जे लिहिते ते अशाच पेचात सापडलेल्या इतर वाचकांनीही वापरावे. गुडघ्याचा सांधा बदलणे ही ठरवून करायची शस्त्रक्रिया आहे, तातडीची नव्हे. म्हणून सर्वांत आधी, काहीही ठरलेले नसताना, सरकारी रुग्णालयाच्या यादीत आईचे नाव नोंदवून टाका. नाव मागे घेता येते. उशिरा नोंदवलेले नाव पुढे सरकवता येत नाही. मग दुसरे मत घ्या, आणि ते अशा अस्थिरोगतज्ज्ञाचे घ्या की जो ही शस्त्रक्रिया करणार नाही. त्यांना सरळ विचारा की व्यायाम, वजन आणि वेदनाशामके यांवर अजून काही महिने निभावेल का. वेदनेने झोप मोडत असेल, चार पावले चालणे कठीण झाले असेल, तर थांबण्यात अर्थ नाही, कारण न चालण्याने स्नायू आणखी दुबळे होतात. तसे नसेल, तर ही घाई गुडघ्याची नसून तुम्हा दोघांच्या वादाची असू शकते. ही शस्त्रक्रिया बहुतेकांना चांगला आराम देते, पण पाचांपैकी सुमारे एका रुग्णाचे समाधान होत नाही, हेही आईंना आधी सांगितलेले असावे.

थांबायचे ठरले तर तो काळ वाया जाऊ देऊ नका. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत, साखर, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन आटोक्यात आणावे, दातांत किंवा त्वचेवर कुठे जंतुसंसर्ग असेल तर तो बरा करून घ्यावा. शस्त्रक्रिया कुठेही झाली तरी याचा उपयोग होतोच.

खाजगीत करायचे ठरले तर खर्चाचा लेखी अंदाज मागा, आणि तो एका ओळीचा नसावा. त्यात शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ यांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, सांध्याची किंमत, खोलीचे भाडे किती दिवसांचे, औषधे, हातमोजे व पट्ट्यांसारखे किरकोळ साहित्य आणि फिजिओथेरपी हे वेगळे दाखवलेले असावे. पॅकेज सांगितले असेल तर त्यात काय नाही हे विचारा. काय आहे हे ते आपण होऊन सांगतात. अतिदक्षता विभागात ठेवावे लागले तर रोजचा खर्च किती, दोन दिवस जास्त राहावे लागले तर किती, हेही लिहून घ्या. महागडा सांधा अधिक टिकाऊ असतो असे सांगितले जाईल, तेव्हा लक्षात ठेवा की २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी दहांतले आठ पंचवीस वर्षे टिकल्याचे दिसले होते. ७४ व्या वर्षी त्याहून जास्त टिकाऊपणासाठी वरचे पैसे मोजायचे का, हे शांतपणे ठरवता येईल. खोली किती प्रशस्त आहे यापेक्षा हे डॉक्टर आणि हे रुग्णालय अशा शस्त्रक्रिया नियमितपणे करतात का, हे विचारणे अधिक मोलाचे आहे, कारण ज्यांच्या हाताखालून अशी अनेक प्रकरणे गेलेली असतात त्यांच्याकडे गुंतागुंत कमी होते.

विम्याच्या बाबतीत एजंटच्या शब्दावर विसंबू नका. पॉलिसीत या शस्त्रक्रियेसाठी वेगळी कमाल मर्यादा आहे का, खोलीभाड्यावर मर्यादा आहे का, आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षामुदत संपली आहे का, हे वाचून घ्या आणि मंजुरी लेखी मागा. दाखल असताना रोजचे बिल रोज पाहा, शेवटच्या दिवशी एकदम नव्हे. सरकारी आणि खाजगी यांच्यामध्ये धर्मादाय संस्थांची रुग्णालयेही असतात, ती घाईत नजरेआड होतात. तिथल्या समाजसेवकाला भेटल्याशिवाय कर्ज काढू नका. आणि घरखर्चाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त रक्कम उपचारांवर जाऊ लागली की आंतरराष्ट्रीय अहवालांत त्याला डोईजड खर्च म्हटले गेले आहे, हे ठाऊक असू द्या. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्या २०२३ च्या अहवालानुसार उपचारांच्या खर्चामुळे आर्थिक ओढाताण सोसणाऱ्यांची संख्या जगात सुमारे २०० कोटी आहे. पतीच्या आजारपणात आपले नियोजन चुकले, अशी खंत तुम्ही पत्रात दोन ठिकाणी व्यक्त केली आहे. इतक्या मोठ्या संख्येने माणसे एकाच वेळी नियोजनात चुकत नसतात.

चर्चेतून माघार घेऊ नका, पण मागणी थोडी बदलून घ्या. "सर्व रुग्णालये सरकारने चालवावीत" या एका वाक्याचा बचाव करण्यात तुमचा सगळा वेळ जाईल आणि समोरचे बंद पडलेल्या यंत्रांची उदाहरणे देत राहतील. त्याऐवजी, प्राथमिक उपचार, बाळंतपण, लसीकरण आणि आवश्यक औषधे यांची जबाबदारी सरकारने पूर्णपणे घ्यावी, मोठ्या उपचारांचे पैसे सामाईक निधीतून यावेत, दर सर्वांना आधी दिसावेत आणि रुग्णालयांना त्यांचे पैसे ठरलेल्या मुदतीत मिळावेत, असे मांडून पाहा. आवश्यक औषधांची यादी करणे हे काही अशक्य काम नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अशी पहिली यादी १९७७ मध्येच प्रसिद्ध केली आणि त्यानंतर अनेक देशांनी आपापल्या याद्या केल्या. यासाठी कर वाढावा लागेल का, असा प्रश्न येईल. हो म्हणा. ते टाळून उत्तर दिलेत की पुढचे कोणी ऐकणार नाही. पतीच्या आजारपणाची हकिगत सांगा, आकड्यांसह सांगा. दादांच्या रुग्णालयाचे उदाहरण मात्र नाव न घेतासुद्धा देऊ नका.

दादांशी बोलताना सुरुवात तत्त्वापासून करू नका, ती तुम्ही दोघांनी पुष्कळ वेळा केलेली आहे. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व आपल्याकडे आरोग्यसेवेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच मांडले होते, आणि तुमचे दादाही ते नाकारत असतील असे मला वाटत नाही. वाद त्याच्या पुढचा आहे. त्यांना त्यांच्या रुग्णालयाविषयी विचारा: महिन्याचा सर्वांत मोठा खर्च कोणता, पैसे कोणाकडून किती उशिरा येतात, कोणत्या रुग्णाला परत पाठवावे लागते. उत्तर देताना मध्ये बोलू नका. ते सोपे जाणार नाही, हे तुमच्या पत्राच्या सुरावरून कळते. त्यांनी आईच्या खर्चात वाटा देऊ केला आहे तो घ्या, पण किती रक्कम, कोणत्या खर्चासाठी आणि ती परत करायची की नाही, हे दोघांत आधी स्पष्ट ठरवून घ्या, म्हणजे पुढच्या भांडणात ती रक्कम काढली जाणार नाही. आणि रुग्णालयाकडून तो लेखी अंदाज हाती आला की सर्वांत आधी दादांना पाठवा. त्यातली कोणती ओळ फुगवलेली आहे आणि कोणती रास्त आहे, हे ओळखणारा माणूस तुमच्या घरात आहे.